पेशी वाचली, पण कशामुळे?

(सांगली येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडच्या मुलामुलींना द्राक्षबागेतल्या फळछाटणीनंतरच्या फवारण्या समजावून सांगायला नकोत. वनस्पतीच्या अर्कातून बनवलेले नॅनोकण, म्हणजे धातू वगैरेंचे अतिसूक्ष्म कण, कीटकनाशकापासून माणसाच्या पेशीला वाचवतात, असं तुम्ही आता वारंवार ऐकाल. ते तपासायचं कसं, एवढंच आज बघू.

क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाचं उदाहरण घ्या. ते ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं. यकृतातली सायटोक्रोम एन्झाइमं त्याचा ऑक्सॉन, म्हणजे त्याचंच ऑक्सिजन घेतलेलं रूप, करतात. खरा जहाल तो. नसांचा संदेश थांबवणाऱ्या ॲसिटिलकोलिनएस्टरेज या एन्झाइमला तो जखडतो, मग नसांकडून येणारा संदेश थांबतच नाही. लाळ गळते, घाम फुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात. दुसरी इजा मात्र दिसत नाही. मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रात, क्रियाशील ऑक्सिजन वाढतो, त्यापासून पेशीला जपणारं ग्लुटाथायोन संपत जातं, पेशीपटलातला मेद खवट होतो, डीएनए तुटतो. नॅनोकणांकडून आशा आहे ती या दुसऱ्या वाटेवर.

तिथे मला चांदीच्या कणांपेक्षा सेलेनियमचे कण उजवे वाटतात. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हे आपलं एन्झाइम सेलेनियमवरच चालतं, उलट चांदीचे आयन स्वतःच पेशीला मारतात. तरी प्रात्यक्षिकाला चांदी सोपी पडते. १० ग्रॅम तुळशीची पानं १०० मिली ऊर्ध्वपातित पाण्यात १०-१५ मिनिटं उकळा, गाळा. या अर्काचे १० मिली १ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेटच्या ९० मिलीत घाला. रंग पिवळसर, मग तपकिरी होतो. प्रकाश सर्वांत जास्त शोषला जातो ते शिखर ४०० ते ४५० नॅनोमीटरमध्ये मिळतं. भांडं शेवटी नळाच्या पाण्याने विसळलं असेल तर त्यातल्या क्लोराइडमुळे पांढरट गढूळपणा येतो. तो सिल्व्हर क्लोराइड, नॅनोकण नव्हे. कण सेंट्रिफ्यूज करून तीनदा धुवा. न धुतलेल्या कणांबरोबर तुळशीची पॉलिफिनॉल्स (स्वतःच पेशीला जपू शकणारी द्रव्यं) जातात आणि श्रेय कणांना मिळतं. म्हणून तुलनेला नुसता अर्क दिलेल्या पेशींचा गट हवाच. शिवाय नुसते कण, नुसतं कीटकनाशक, नुसतं डीएमएसओ (कीटकनाशक ज्यात विरघळवतात तो द्रव) आणि काहीच न दिलेला गट.

आता मोजणी. ९६ खान्यांच्या प्लेटमध्ये दर खान्यात साधारण १० हजार पेशी, त्या चिकटायला २४ तास. उपचारानंतर एमटीटी, म्हणजे जिवंत पेशी जांभळा करतात तो पिवळा रंग, ०.५ मिलिग्रॅम प्रति मिली, ३ ते ४ तास, मग जांभळे स्फटिक डीएमएसओत विरघळवून ५७० नॅनोमीटरला वाचन. तपकिरी कण स्वतःच प्रकाश शोषतात, काही तर पेशीविनाच एमटीटी जांभळं करतात. कण आणि एमटीटी आहेत पण पेशी नाहीत, असे खाने ठेवले नाहीत तर मेलेल्या पेशीही जिवंत दिसतील.

सगळ्यात मोठी फसगत वेगळीच आहे. कण आणि कीटकनाशक एकदमच दिलं तर विष कणांच्या पृष्ठभागाला चिकटतं, माध्यमात कमी उरतं. पेशी वाचते, कारण विष पोचलेलंच नसतं! यासाठी कण आधी २४ तास द्या, पेशी धुवा, मगच विष द्या. शक्य असेल तर कण काढल्यावर द्रवात किती कीटकनाशक उरलं ते एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजा.

पेशीही निवडून घ्या. हेप-जी-२ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या यकृत-कर्करोगाच्या पेशींमध्ये सायटोक्रोम फारच कमी, त्यामुळे क्लोरपायरीफॉस तिथे उगाच सौम्य भासतं. ऑक्सॉन थेट देऊन पाहा. दुकानातली बाटली वापरू नका, तिच्यातले इमल्सिफायर (औषध पाण्यात मिसळवणारे घटक) पेशीपटल फोडतात. त्या कीटकनाशकाचा शुद्ध नमुनाच घ्या.

आणि हे घरी नक्की सांगा: यातलं काहीही फवारणी करणाऱ्याने पिण्याचं औषध नाही. विषबाधेची शंका आली तर कपडे काढा, अंग साबणाने धुवा, ओकारी काढू नका, तडक दवाखाना गाठा. बाटलीचं लेबल सोबत न्या. ऑर्गॅनोफॉस्फेटला ॲट्रोपिन लागतं, इमिडाक्लोप्रिड या वेगळ्या गटातल्या कीटकनाशकावर नेमका उतारा नाही, आणि दोन्ही एकाच बागेत वापरलेली असू शकतात.