पिपरमिंटच्या गोळ्या आणि पाकिटावरची यादी

श्रोतेहो, नमस्कार.

खाण्याच्या वस्तूचे बंद पाकीट हातात आले की आपण आधी किंमत पाहतो, मग तारीख पाहतो, आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेल्या घटकांच्या यादीवरून आपली नजर न थांबता पुढे जाते. ती यादी कायद्याने सक्तीची आहे एवढे आपल्याला ठाऊक असते; पण अशा सक्तीची गरज मुळात का पडली, हे सहसा कोणी सांगत नाही. या प्रश्नाचे उत्तर देताना मला दर वेळी एकच घटना सांगावीशी वाटते आणि आजही मी तीच सांगणार आहे. ती इंग्लंडमधील आहे, १८५८ सालची आहे, आणि तिच्यात गुंतलेल्या एकाही माणसाला कोणाचा जीव घ्यायचा नव्हता. हे शेवटचे वाक्य कृपया ध्यानात ठेवा, कारण मी त्याकडे पुन्हा येणार आहे.

यॉर्कशायरमधील ब्रॅडफर्ड हे त्या काळी लोकरीच्या गिरण्यांचे शहर होते. तेथील बाजारात विल्यम हार्डेकर नावाचा एक विक्रेता पिपरमिंटच्या गोळ्या विकत असे. त्या गोळ्यांना ‘हंबग’ म्हणत, म्हणून लोक त्यालाही ‘हंबग बिली’ याच नावाने ओळखत. गोळ्या तो स्वतः करत नसे. जोसेफ नील या मिठाईवाल्याकडून विकत घेत असे. साखरेवर त्या वेळी सरकारी कर होता, त्यामुळे ती महाग पडत होती, आणि गोळ्या तर गरिबांच्या मुलांना परवडतील अशाच भावात विकाव्या लागत. तेव्हा नीलही त्याच्या धंद्यातील इतर अनेकांप्रमाणे साखरेचा काही भाग वगळून त्याच्या जागी एक स्वस्त पांढरी भुकटी घालत असे. या भुकटीला धंद्यात ‘डॅफ’ म्हणत. डॅफ म्हणजे नेमके काय, हे कोठेही ठरलेले नव्हते. कधी ती जिप्समची पूड असे, कधी चुनखडीची. गोळी खाणाऱ्याच्या कानावर हा शब्द कधी पडलाही नसेल.

ऑक्टोबरच्या अखेरीस नीलने त्याच्याकडे भाड्याने राहणाऱ्या जेम्स आर्चरला डॅफ आणायला पाठवले. सुमारे ५ किलोमीटरवर शिप्ली या गावी चार्ल्स हॉजसन या औषधविक्रेत्याचे दुकान होते. हॉजसन त्या दिवशी आजारी होता आणि दुकानात त्याचा मदतनीस विल्यम गोडार्ड होता. डॅफ कोठे ठेवली आहे हे गोडार्डला माहीत नव्हते, म्हणून त्याने मालकाला विचारले. माळ्यावर, कोपऱ्यातल्या पिंपात आहे, असे मालकाने सांगितले. गोडार्ड माळ्यावर गेला. कोपऱ्यात पिंप होते आणि पिंपात पांढरी भुकटी होती. त्याने त्यातून १२ पौंड, म्हणजे जवळजवळ साडेपाच किलो, भुकटी काढून आर्चरच्या हवाली केली. ती डॅफ नव्हती. तो सोमल होता, ज्याला आपण आर्सेनिक म्हणतो. सोमलही पांढराच असतो. त्याला वास नसतो आणि चव जवळजवळ नसते. डोळ्याने, नाकाने किंवा जिभेने तो ओळखता येत नाही. ओळखायचा तर एकच मार्ग उरतो, आणि तो म्हणजे ज्या भांड्यात तो आहे त्या भांड्यावर त्याचे नाव असणे आणि काढणाऱ्याने ते वाचणे.

नीलकडे जेम्स ॲपलटन नावाचा मुरलेला कारागीर होता. त्याने साखर, डिंक, पिपरमिंटचे तेल आणि ती भुकटी एकत्र केली आणि किमान ४० पौंड गोळ्या तयार केल्या. काम करता करता त्याला उलट्या सुरू झाल्या आणि हात दुखू लागले. तयार गोळ्यांचे रूप नेहमीसारखे नाही, हेही त्याच्या लक्षात आले. तरी काम थांबले नाही. नंतर माल हार्डेकरकडे गेला. रंगरूप वेगळे असल्याचे त्यालाही दिसले आणि त्याने त्यावरून भाव थोडा कमी करून घेतला. त्याने स्वतः एक गोळी चाखली आणि तोही आजारी पडला. मला या घटनेत सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हाच वाटतो. दोन माणसांच्या डोळ्यांना फरक दिसला होता, दोघांच्याही शरीरांनी इशारा दिला होता. पण भुकटी नेहमी वेगवेगळ्या प्रकारची येत असल्यामुळे गोळ्यांचे रूप थोडे बदलणे ही त्या धंद्यात दचकण्यासारखी गोष्टच उरली नव्हती.

३० ऑक्टोबर १८५८ च्या शनिवारी रात्री बाजारात सुमारे ५ पौंड गोळ्या विकल्या गेल्या. पहिली दोन मुले दगावली तेव्हा पटकीचा संशय घेतला गेला, कारण त्या दशकात इंग्लंडने पटकीच्या साथी पाहिल्या होत्या. मग आजाऱ्यांची संख्या वाढत गेली, चौकशी त्या एका दुकानापाशी येऊन पोहोचली, आणि गोळ्या खाऊ नका असे सांगत घंटा वाजवणारे दवंडीवाले रस्तोरस्ती फिरू लागले. फेलिक्स रिमिंग्टन या रसायनतज्ज्ञाने गोळ्यांची तपासणी केली. एकेका गोळीत दोन माणसांचा जीव जाईल एवढा सोमल होता. सुमारे २० माणसे मरण पावली आणि २०० हून अधिक आजारी पडली.

गोडार्ड, हॉजसन आणि नील या तिघांवर मनुष्यवधाचा आरोप ठेवण्यात आला. गोडार्ड आणि नील यांच्यावरील आरोप पुढे मागे घेण्यात आले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये यॉर्कच्या न्यायालयाने हॉजसनला निर्दोष ठरवले. कोणालाही शिक्षा झाली नाही. येथे मी सुरुवातीचे वाक्य पुन्हा सांगतो: यातील एकाही माणसाला कोणाचा जीव घ्यायचा नव्हता. न्यायालयापुढे प्रश्न हेतूचा होता आणि हेतू स्वच्छ होता. पण सोमल चुकून आला असला, तरी साखरेऐवजी भुकटी घालण्याचा प्रकार चुकून झालेला नव्हता. तो रोजचा होता, आणि त्याच वाटेने एके दिवशी सोमल गोळ्यांत पोहोचला.

आता कायद्याकडे वळू या. सोमलाच्या विक्रीवर नियंत्रण आणणारा कायदा इंग्लंडमध्ये १८५१ पासूनच होता. विष विकत घेणाऱ्याचे नाव नोंदवहीत लिहावे, त्याची सही घ्यावी, असे त्यात सांगितले होते. तो कायदा खून करू पाहणाऱ्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून लिहिला होता. विकणाऱ्यालाच आपण काय विकत आहोत हे ठाऊक नसेल, तर तेथे नोंदवही कोण उघडणार? शिवाय भेसळ होते हे कोणाला माहीत नव्हते, असेही म्हणता येत नाही. आर्थर हिल हॅसल या डॉक्टरने १८५१ ते १८५४ या काळात ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकासाठी लंडनमधील अन्नपदार्थांचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले होते, आणि रंगीत मिठाईत शिशाची संयुगे असल्याचे दाखवून दिले होते. त्याचे निष्कर्ष विक्रेत्यांच्या नावापत्त्यांसह छापले जात. माझे स्पष्ट मत असे आहे की, दंडाची रक्कम व्यापारी हिशेबात धरून ठेवू शकतो. पण कोणत्या दुकानातील नमुन्यात काय सापडले हे चार लोकांनी वाचावे असे त्याला कधीच वाटत नाही. म्हणून तपासणीचे निकाल नावानिशी प्रसिद्ध करणे हे मला कोणत्याही दंडापेक्षा प्रभावी वाटते. हॅसलच्या कामानंतर १८५५ मध्ये संसदेची चौकशी समिती बसली, पण कायदा झाला नाही. तो झाला ब्रॅडफर्डनंतर, १८६० मध्ये.

१८६० चा कायदा दुबळा होता. अन्नाची तपासणी करणारा विश्लेषक नेमावा की नेमू नये, हे त्याने स्थानिक संस्थांच्या मर्जीवर सोडले होते आणि बहुतेकांनी तो नेमला नाही. १८७२ मध्ये त्यात सुधारणा झाली, आणि १८७५ मध्ये जो कायदा आला त्यातील एक वाक्य मी तुम्हाला मुद्दाम सांगतो. ग्राहकाने जी वस्तू मागितली, त्या वस्तूचे स्वरूप, द्रव्य आणि दर्जा नसलेली वस्तू ग्राहकाचे नुकसान होईल अशा रीतीने विकणे हा गुन्हा आहे, असे ते वाक्य. स्वरूप, द्रव्य, दर्जा. ब्रिटनच्या १९९० च्या अन्नसुरक्षा कायद्यातही हे तीन शब्द कायम आहेत. फक्त तेथे ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ आला आहे. म्हणजे तिघांपैकी एकही कमी पडला तरी पुरे.

याच १८७५ च्या कायद्यात लेबलही आले, आणि ते कोणत्या रूपात आले हे पाहण्यासारखे आहे. आरोग्याला अपायकारक नसलेला पदार्थ मिसळून माल विकला आणि ‘हा माल मिश्र आहे’ असे स्पष्ट, वाचता येईल अशा अक्षरांत त्यावर लिहून दिले, तर विक्रेत्यावर गुन्हा लागणार नाही, अशी तरतूद तेथे होती. या तरतुदीत लेबल हे विक्रेत्याच्या बचावाचे साधन होते. खाणाऱ्याला सर्व घटक जाणून घेण्याचा हक्क आहे, ही कल्पना त्यानंतर बऱ्याच काळाने रुजली. म्हणूनच ‘वाचता येईल अशा अक्षरांत’ हे शब्द मला फार मोलाचे वाटतात. युरोपीय संघाने २०११ मध्ये केलेल्या नियमानुसार पाकिटावरील लहान ‘एक्स’ या अक्षराची उंची सर्वसाधारणपणे किमान १.२ मिलिमीटर असावी लागते. पट्टी घेऊन १.२ मिलिमीटर मोजून पाहा. चष्मा लागलेल्या माणसाला दुकानातल्या उजेडात ते अक्षर वाचता येणार नाही, आणि जी माहिती वाचता येत नाही ती दिली गेली असे मी तरी मानायला तयार नाही.

लेबल छापले म्हणजे काम संपले, असेही नाही. जानेवारी २०१३ मध्ये आयर्लंडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने गोमांसाच्या २७ बर्गरची जनुकीय तपासणी केली, तेव्हा १० बर्गरमध्ये घोड्याचा अंश आढळला. त्यांतील एकामध्ये तर घोड्याच्या मांसाचे प्रमाण २९ टक्के होते. पाकिटांवर घोड्याचा उल्लेख नव्हता. हे उघडकीस आले ते कोणीतरी नमुना उचलून प्रयोगशाळेत नेला म्हणून. नियम करणारे लोक चर्चेत राहतात. नमुने उचलणारे निरीक्षक आणि ते तपासणारे विश्लेषक मात्र क्वचितच आठवले जातात, आणि काटकसरीची वेळ आली की पहिली कात्री त्यांच्यावरच चालते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता माझा वेळ संपत आला आहे, तेव्हा पाकीट वाचण्याविषयी थोडक्यात सांगतो. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी १९६३ मध्ये स्थापन केलेल्या कोडेक्स आयोगाच्या मानकानुसार घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यायची असते, आणि अनेक देशांच्या नियमांत हेच तत्त्व आहे. म्हणजे जो घटक सर्वांत जास्त, तो सर्वांत आधी. पुन्हा सांगतो: जो घटक सर्वांत जास्त, तो सर्वांत आधी. पाकिटाच्या पुढच्या बाजूला कोणत्याही पदार्थाचे चित्र असो, यादीत तो कितव्या क्रमांकावर आहे ते पाहावे. घरात कोणाला एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असेल तर यादी शेवटपर्यंत वाचावी, आणि ओळखीचे पाकीट असले तरी दर खरेदीला नव्याने वाचावी, कारण पाकिटाचे रूप तेच ठेवून आतील घटक बदलता येतात. तारखांचेही दोन प्रकार असतात. ‘अमुक तारखेपर्यंतच वापरा’ ही सूचना सुरक्षिततेची आहे आणि ती तारीख उलटल्यावर पदार्थ खाऊ नये. ‘अमुक तारखेपर्यंत उत्तम’ ही सूचना चवीची आणि दर्जाची आहे. ती उलटली म्हणजे पदार्थ विषारी झाला, असे नाही.

नमस्कार.