पडदा काळा झाला तेव्हा

नमस्कार श्रोतेहो.

आजच्या भाषणाचा विषय माझ्यासमोरच्या कागदावर असा लिहिलाय : 'कमी पैशात काढलेला भयपट आणि प्रेक्षकांची मतं'. वेळ दहा मिनिटं. आधीच सांगून टाकतो, यातली निम्मी मिनिटं मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातल्या एका गावाच्या पारावर घालवणार आहे. गेल्या हिवाळ्यात तिथं मी एक सिनेमा पाहिला. तो किस्सा मी घरी इतक्या वेळा सांगितलाय, की आता मी नुसता 'चादर' शब्द उच्चारला तरी घरातले एकेक उठून आत जातात. तुम्ही मात्र बसा.

पण त्याआधी थोडं बाहेरचं, पटकन.

१९९९ साली अमेरिकेत 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' नावाचा सिनेमा आला. तिघं जण जंगलात जातात आणि हरवतात, एवढीच गोष्ट. चित्रीकरण आठ दिवसांत उरकलेलं, कॅमेरे नटांच्याच हातात. खर्च काही हजार डॉलर आणि कमाई जवळपास २५ कोटी डॉलर. आता गंमत ऐका. तिकडे सिनेमा सुटल्यावर प्रेक्षकांना गुण द्यायला सांगतात, शाळेतल्यासारखे ए, बी, सी. एवढा पैसा ओढणाऱ्या या सिनेमाला प्रेक्षकांनी दिला सी प्लस. कुणाची झोप उडाली होती, कुणाला त्या हलत्या कॅमेऱ्यानं मळमळलं होतं, आणि कुणी विचारत होतं, ती चेटकीण कुठाय? कारण चेटकीण शेवटपर्यंत दिसतच नाही. ऐकू येते, दिसत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. ऐकू येते, दिसत नाही.

'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' तर दिग्दर्शकानं स्वतःच्या घरात काढला, सात दिवसांत, १५ हजार डॉलरमध्ये. आणि आपल्याकडे २०१७ साली मराठीत 'लपाछपी' आला. चहूबाजूंनी ऊस आणि मध्ये एक घर. हिंदीवाल्यांना तो इतका आवडला की २०२१ साली त्यांनी तो पुन्हा काढला. आमच्या केळीवाल्यांची यावर तक्रार एवढीच, की भूत कायम उसातच का? केळीत काय वाईट आहे?

तर ज्या पोराची गोष्ट मी सांगणार आहे, त्यानं भूत केळीत आणलं.

पोरगा विशीतला. कॉलेज, शेती आणि मोबाइल, यातलं काय किती करतो ते त्याच्या आईला विचारा. त्यानं मोबाइलवर पाऊण तासाचा भयपट काढला. खर्च किती आला विचारलं तर म्हणाला, "चहा, पोहे आणि पेट्रोल." नट गावातलेच, बाग काकाची. मला बोलावलं, कारण त्याची आजी सकाळी रेडिओ लावते आणि तिच्या मते रेडिओवर बोलणाऱ्या माणसाला सगळं कळतं. मी तिचा गैरसमज दूर केला नाही.

संध्याकाळी जेवायला भरीत होतं. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली बामणोदची हिरवी वांगी, वर तेल, सोबत कळण्याची भाकरी. हल्ली गॅसवर वांगं भाजतात आणि मिक्सरमधून फिरवून त्याला भरीत म्हणतात. त्या पदार्थाला दुसरं काही नाव द्यावं, भरीत म्हणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. विषयाशी त्याचा संबंध नाही, पण माइक समोर आहे म्हणून बोलून घेतलं.

तर मारुतीच्या देवळासमोर पडदा लावला होता. पडदा म्हणजे दोन पांढऱ्या चादरी मध्ये शिवलेल्या. शिवण बरोबर मधोमध. त्यामुळे जे पात्र मध्ये यायचं त्याच्या तोंडाचे दोन भाग व्हायचे, एक डोळा वर, एक खाली. भाड्यानं आणलेला प्रोजेक्टर, मित्राचा लॅपटॉप आणि लग्नात, वरातीत फिरवतात तो चाकांचा बॅटरीवाला स्पीकर. हा स्पीकर ध्यानात ठेवा. बॅटरीवाला.

थंडी मी म्हणत होती. माणसं घोंगड्या, गोधड्या घेऊन बसलेली. सिनेमा सुरू झाला आणि पाचव्या मिनिटाला केळीतून भूत बाहेर आलं. तोंडाला पीठ फासलेलं, केस मोकळे. मागून कुणीतरी ओरडलं, "हाऊ ते आपला गावना पोऱ्या से!" झालं. सगळा पार हसायला लागला. पडद्यावरच्या भुताचं काम करणारा पोरगा प्रेक्षकांतच बसला होता, तो उठून नमस्कार करू लागला.

त्यात आमच्या दिग्दर्शकानं इंटरनेटवरून आवाज उतरवून घेतलेले. केळीच्या बागेत चर्चची घंटा वाजायची. ठण्, ठण्. तापीकाठी, मध्यरात्री, चर्चची घंटा! मग लांडगा ओरडायचा. मग दरवाजा करकरायचा. बागेला कुठला आलाय दरवाजा? प्रत्येक आवाजाला हशा. पोरगा माझ्या शेजारी बसून नखं खात होता.

आणि मग लाईट गेली.

पडदा काळा. प्रोजेक्टर बंद. पण लॅपटॉप बॅटरीवर आणि स्पीकर बॅटरीवर. म्हणजे चित्र गेलं, आवाज चालूच राहिला. चित्र गेलं, आवाज चालू.

ज्या जागी लाईट गेली, त्या जागी पोरानं उतरवलेले आवाज लावायचे राहून गेले होते. कंटाळला होता म्हणे. त्यामुळे तिथं होता फक्त मोबाइलनं बागेत टिपलेला मूळ आवाज. कसला? सांगतो. लांब कुठेतरी विहिरीवरची मोटार घरघरत होती. ठिबकची नळी फुटलेली असावी, तिचा बारीक फिस्स असा आवाज. आणि कुणीतरी चालत होतं. केळीची वाळकी पानं तुम्हाला माहीत आहेत. खोडाला लोंबलेली, खाली पडलेली, कागदासारखी कडक. त्या पानांवरून कुणीतरी चालत होतं. चार पावलं. मग थांबायचं. मग चार पावलं.

सुरुवातीला दहा-बारा मोबाइलच्या बॅटऱ्या पेटल्या. मग एक विझली. मग दुसरी. कुणी सांगितलं नव्हतं. माणसं आपणहून विझवत होती, कारण त्यांना ऐकायचं होतं. गाव काळंकुट्ट, वर चांदण्या, आणि स्पीकरमधून ती चार पावलं. मोटार बंद पडली. स्पीकरमधली. तेवढा घरघराट थांबला आणि मागं उरलं ते फक्त पानांचं. पुढच्या रांगेतल्या पोरी सरकत सरकत आयांच्या गोधडीत शिरल्या. माझ्या डाव्या बाजूला एक नाना बसले होते, साठीचे, केळीवाले. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. ठेवला म्हणजे धरला.

दोन मिनिटं असतील, अडीच असतील. मग लाईट आली. पडद्यावर काय होतं? तेच पिठाचं भूत, चादर गुंडाळलेलं, आणि पायांत निळी रबरी चप्पल. ते त्या चपलेनं पानं तुडवत जपून चाललं होतं. पायाला कुसं लागू नये म्हणून असेल.

आजी म्हणाल्या, "भूत काय चप्पल घालस?"

पार पुन्हा हसला. पण आधीसारखा नाही. जरा जास्तच मोठ्यानं.

सिनेमा संपल्यावर मतं सुरू झाली. आणि श्रोतेहो, मतं ऐकायची तर गावातली ऐकावीत. शहरात चित्रपटाला तारे देतात, साडेतीन तारे, पावणेचार तारे. पावणेचार तारे म्हणजे नक्की काय ते मला आजवर कळलेलं नाही. शिवाय शहरात ओळखीच्या पोराचं काम असलं की म्हणतात, 'छान प्रयत्न'. गावात कुणी 'छान प्रयत्न' म्हणत नाही. आजींचं म्हणणं, हडळीचे पाय उलटे असतात, एवढंही पोराला ठाऊक नाही, शिकून काय उपयोग. शाळेतले गुरुजी म्हणाले, यातून संदेश काय मिळतो? आता भयपटातून संदेश कसला मिळणार, रात्री एकटं फिरू नका? शाळकरी पोरांचं मत एकच, परत लावा. पण चित्र नको, नुसतं अंधारातलं लावा.

खर्चाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. चादरीची शिवण कुणाला खटकली नाही. खटकली ती घंटा. खटकली ती चप्पल. पैसा कमी असला तर माणूस सोडून देतो. आवाज खोटा असला तर सोडत नाही.

आणि नाना? नानांनी सगळ्यात शेवटी तोंड उघडलं. म्हणाले, "पहिल्यांदा भूत येस तवय पानं वाजनात नही." म्हणजे भूत पहिल्यांदा केळीतून बाहेर येतं तेव्हा पानं वाजतच नाहीत, तिथं घंटा वाजते. "केळीमातून उंदीर गया तरी माले समजस." वर म्हणाले, आम्ही आठवड्यातून निम्म्या रात्री पाणी भरायला जातो, आम्हाला भुताचं काय सांगता. बिबट्याचं बोला, तर ऐकतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. शेतातल्या मोटारींना लागणारी थ्री फेज लाईट रात्री देणारे कधी रात्री बागेत गेलेत का, हा प्रश्नही कुणीतरी विचारला, आणि तो प्रश्न सिनेमापेक्षा जास्त वेळ चालला.

पोराला मी एकच गोष्ट सांगितली. १९७८ सालची. जॉन कारपेंटर नावाच्या दिग्दर्शकानं 'हॅलोवीन' काढला, त्या मानानं फार थोड्या पैशात, सव्वातीन लाख डॉलरच्या आसपास. तयार सिनेमा संगीत न घालता त्यानं एका मोठ्या कंपनीतल्या बाईंना दाखवला. बाईंना अजिबात भीती वाटली नाही. मग त्यानं स्वतःच पियानोवर धून बसवली, पाच मात्रांची, लंगडत चालल्यासारखी. तो ठेका त्याला लहानपणी वडिलांनी शिकवलेला. सिनेमा तोच राहिला, आणि जग घाबरलं. पोरगा म्हणाला, "म्हणजे सर, घंटा काढू?" म्हटलं, "घंटा काढ, लांडगा काढ, दरवाजा काढ. पानं ठेव."

रात्रीचे साडेअकरा झाले होते. मी मोटारसायकलला किक मारली तर नाना पुढ्यात उभे. कानटोपी घातलेली, हातात बॅटरी. त्या आठवड्यात त्यांची रात्रीची लाईट होती, बारापासून. लाईट आली की मोटार आपोआप चालू करणारं ऑटो लावलेलं आहे, पण ऑटोवर किती भरवसा ठेवायचा ते तुम्ही जाणताच.

म्हणाले, "भाऊ, तुमी तिकडूनच जातांय ना?"

मी चोपड्याकडे जाणार होतो. त्यांची बाग बरोबर उलट्या बाजूला, नदीकडे. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. मी म्हटलं, "हो नाना, तिकडूनच."

बांधापर्यंत सोडलं. त्यांनी स्टार्टर दाबला, मोटार घरघरली, ते केळीत शिरले. शिरताना पानं वाजली.

मग मला एकट्यालाच परत फिरायचं होतं, दोन्हीकडे केळी असलेल्या त्या गाडीवाटेनं. मध्ये एकदा वाटलं, गाडी बंद करावी आणि ऐकावं.

नाही केली बंद.

नमस्कार.