पहिली ओळख, दोन साखळ्यांवर

नमस्कार श्रोतेहो. कूलर जरा हळू करा, आज थोडं कान देऊन ऐकायचं आहे. हाइव्ह नावाच्या ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर एकसारख्या ठेवलेल्या नोंदींच्या साखळीवर, लोक लिहितात, एकमेकांच्या लिखाणाला मत देतात आणि त्या मतांतून लिहिणाऱ्याला मोबदला मिळतो. तिथे नव्या माणसाचं पहिलं काम म्हणजे स्वतःची ओळख करून देणारी पोस्ट. त्या पोस्टबद्दल एकच गोष्ट पक्की धरा, तिथे लिहिलेलं पुसता येत नाही. ते किती महागात पडू शकतं, त्याचा किस्सा २०२० सालचा आहे.

हाइव्हच्या आधी स्टीम होतं, २०१६ मध्ये सुरू झालेलं. तिथला कारभार वीस विटनेस पाहायचे. हिशेबाची पानं तेच बांधायचे, नियम बदलायचा तर त्यातल्या सतरांचा होकार लागायचा. त्यांना निवडणार कोण? त्या साखळीची आभासी नाणी अडकवून, म्हणजे लगेच काढता येणार नाहीत अशी ठेवलेले खातेदार. प्रत्येकाला तीस विटनेसना मत देता यायचं आणि प्रत्येक मताला त्याच्या सगळ्या नाण्यांचं पूर्ण वजन. म्हणजे ज्याचं गाठोडं सर्वांत मोठं, तो एकटाच वीसच्या वीस माणसं बसवू शकेल. आपल्याकडच्या सोसायटीच्या निवडणुका यापेक्षा बऱ्या, असं माझं प्रामाणिक मत आहे. तिथे निदान चहा तरी मिळतो.

असं गाठोडं स्टीम सुरू करणाऱ्या मूळ कंपनीकडे होतंच, आरंभी काढलेल्या नाण्यांचं. त्यावर मतदान करणार नाही, असं तिने सांगितलेलं. फेब्रुवारी २०२० मध्ये ती कंपनी ट्रॉन नावाच्या दुसऱ्या ब्लॉकचेनचे जस्टिन सन यांनी विकत घेतली. विटनेसनी घाबरून ते गाठोडं गोठवलं. मार्चच्या सुरुवातीला उलटा डाव पडला. काही मोठ्या एक्स्चेंजनी, म्हणजे नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या बाजारांनी, ग्राहकांनी ठेवलेली नाणी सन यांच्या बाजूने मतदानाला लावली आणि विटनेसांची वरची फळी बघता बघता बदलली. पण नाण्याने मत द्यायचं तर ते अडकवावं लागतं आणि परत सोडवायला तेव्हा तेरा आठवडे लागायचे, दर आठवड्याला एक हप्ता. ग्राहकांनी केवढा गदारोळ केला असेल, विचार करा. एक्स्चेंजना माघार घ्यावी लागली.

शेवटी २० मार्च २०२० ला स्टीमवरच्या लोकांनी वेगळी चूल मांडली, ती हाइव्ह. नावं, पोस्टी, शिल्लक, सगळं जसंच्या तसं उचललं. कंपनीचं ते गाठोडं मागे ठेवलं, आणि सन यांच्या विटनेसना मत देणाऱ्या काही खात्यांची शिल्लकही.

आता गंमत बघा. ज्याने त्याआधी ओळखपोस्टीत मोबाइल नंबर लिहिला, त्याचा नंबर आज दोन साखळ्यांवर आहे. दोन! चाव्याही, म्हणजे खातं उघडणारे गुप्त पासवर्डही, दोन्हीकडे त्याच आल्या. हाइव्हवर चावी बदलली तरी स्टीमवर जुनीच चालते. एकीकडे फुटली की दुसरं दारही उघडं.

म्हणून पुन्हा सांगतो, पुसता येत नाही. पोस्ट दुरुस्त केली तर नवा मजकूर दिसतो, जुना साखळीत राहतोच. तेव्हा घराचा पत्ता नको, मुलांची शाळा नको. फोटोत एका कागदावर खात्याचं नाव आणि तारीख हाताने लिहून धरा, म्हणजे माणूस खरा आहे हे कळतं. मागे आपल्या नागपूरचा फुटाळा तलाव दिसू द्या, झिरो माइल दिसू द्या, पण गाडीची एमएच ३१ ची पाटी नको. नेटवरून उचललेला फोटो किंवा मजकूर तर मुळीच नको. पकडला की डाउनव्होट, म्हणजे विरोधी मतं, पडतात आणि मोबदला शून्यावर येतो.

लिहा काय? तुम्हाला जे हातचं येतं ते. संत्र्याच्या बागेतला अंबिया आणि मृग बहार, इतवारीतलं किराण्याचं गणित. ‘मी नवीन आहे, व्होट द्या’ एवढंच लिहिलं तर काहून देईल बाप्पा कोणी?

खात्याचं नाव तीन ते सोळा अक्षरांचं, छोट्या रोमन लिपीत. तेही पुढे बदलत नाही. चाव्या एकापेक्षा जास्त असतात, लिहिण्या-वाचण्यासाठी फक्त पोस्टिंग की वापरा. पैसे हलवते ती अ‍ॅक्टिव्ह की, आणि बाकीच्या चाव्या बदलणारी ओनर की तर कागदावरच राहू द्या. खासगी चावी पाचाने सुरू होते, ५१ अक्षरांची असते. हाताने उतरवताना ध्यानात ठेवा, तिच्यात शून्य, मोठा ओ, मोठा आय आणि छोटा एल कधीच नसतात. घोळ होतो तो मोठ्या-छोट्या सी, एस आणि डब्ल्यूत, तर मोठ्या अक्षराखाली रेघ ओढा. आणि बॉलपेन घ्या, जेलपेन नको. मे महिन्यात कूलरचं पाणी उडालं की जेलची शाई पसरते. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच चावी पाठवणारे लोक मला कळतच नाहीत.

पोस्ट टाकताना क्रेडिट, म्हणजे प्रत्येक पोस्टीला खर्च होणारी खात्याची क्षमता, कमी असल्याचा इशारा आला तर घाबरू नका. नव्या खात्यात नाणी अडकवलेली कमी, म्हणून क्रेडिटही कमी. ती पूर्ण भरायला पाच दिवस लागतात, किंवा कुणी जुना सदस्य उधार देतो. मोबदल्याचा हिशेब सात दिवसांनी लागतो, निम्मा लिहिणाऱ्याला, निम्मा मत देणाऱ्यांना. त्या सात दिवसांत आलेल्या प्रत्येक प्रतिक्रियेला उत्तर द्या, पण क्रेडिट बघून. उत्तरालाही ती लागतात.