मिक्सर सोबत न्यावा का?

अमेरिकेला निघालेल्या मुलांच्या सामानाची यादी घरोघरी होते तेव्हा तिच्यात मिक्सर हमखास असतो, आणि त्याला सबळ कारण आहे. तिकडचा साधा ब्लेंडर फळांचा रस किंवा सूप उत्तम करतो. सुके खोबरे, भिजवलेली डाळ किंवा भाजलेल्या कांद्याचे घट्ट वाटण हे त्याचे काम नव्हे. १९६० च्या दशकात मुंबईतील अभियंते सत्यप्रकाश माथूर यांच्या घरचा जर्मन बनावटीचा मिक्सर आपल्या स्वयंपाकापुढे टिकला नाही, तेव्हा हा भार पेलणारी मोटर त्यांनी स्वतः घडवायला घेतली आणि त्यातून ‘सुमीत’ जन्माला आला. म्हणून मिक्सर नेण्याच्या हौसेला मी नावे ठेवणार नाही. विजेचा हिशेब न करता तो नेण्याला मात्र माझा ठाम विरोध आहे.

आपल्याकडे घरात २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची, वीज येते. अमेरिकेतील भिंतीवरच्या नेहमीच्या सॉकेटमध्ये १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची असते. बाजारात मिळणारा छोटा अ‍ॅडॉप्टर पिनांचा आकार तेवढा जुळवून देतो, व्होल्टेजला तो हात लावत नाही. न्यू जर्सीतील माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी अ‍ॅडॉप्टर लावून शेंगदाण्याचे कूट करायला बसलो. मोटर फिरली, पण दाण्यांचा भार येताच ती अडखळून गुणगुणत राहिली आणि थोड्याच वेळात तापलेल्या वार्निशचा वास येऊ लागला. अपुऱ्या व्होल्टेजवर भाराखाली अडलेली मोटर वीज ओढत राहते. पाते फिरत नाही, आणि ती वीज गुंडाळीतच उष्णता होऊन साठते. तो वास आला की बटण तत्काळ बंद करावे.

इस्त्रीचे गणित याहून सोपे आहे. तापणाऱ्या तारेची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे आपली १००० वॉटची इस्त्री तिथे जेमतेम २७० वॉटची उरते आणि कॉटनच्या सदऱ्याची सुरकुती काही जात नाही. ती नेऊच नये.

फोन आणि लॅपटॉपचे चार्जर बहुधा १०० ते २४० व्होल्ट आणि ५०/६० हर्ट्झ असे छापलेले असतात. त्यांना अ‍ॅडॉप्टर पुरतो. सामान भरण्यापूर्वी प्रत्येक वस्तूच्या बुडाशी असलेली ही बारीक अक्षरातली पट्टी चष्मा लावून वाचावी, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

मिक्सर न्यायचाच असेल, तर व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. ७५० वॉटच्या मिक्सरसाठी १५०० वॉटचा घ्यावा, कारण सुरू होताना मोटर नेहमीपेक्षा बरीच जास्त वीज ओढते. प्रवासासाठी विकले जाणारे हलके कन्व्हर्टर बहुतेक केस वाळवण्याच्या यंत्रासारख्या साध्या तापणाऱ्या वस्तूंसाठी असतात; त्यांवर मिक्सर लावू नये. खरा ट्रान्सफॉर्मर लोखंडी गाभ्यामुळे चांगलाच जड असतो, तेव्हा तो तिथेच विकत घ्यावा. त्याला अर्थिंगची तिसरी जोडणी आहे की नाही हेही पाहावे, कारण ओल्या हातांनी वापरायच्या यंत्रात ती तडजोडीची गोष्ट नाही. ट्रान्सफॉर्मर हर्ट्झ मात्र बदलत नाही. मिक्सरच्या ब्रशवाल्या मोटरला त्याने फारसा फरक पडत नाही. टेबल फॅनची मोटर मात्र ६० हर्ट्झवर सुमारे पाचव्या हिश्शाने जलद फिरू पाहते, म्हणून पंखा नेण्यात अर्थ नाही.

दोन-चार वर्षांहून अधिक राहायचे असेल, तर तिथल्या विजेसाठीच बनवलेला भारतीय धाटणीचा मिक्सर घेणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. एडिसनसारख्या आपल्या वस्तीच्या गावांतील दुकानांत असे मिक्सर मिळतात. कायमचे परत येताना मात्र तो नव्याने आलेल्या एखाद्या कुटुंबाला देऊन यावा, कारण १२० व्होल्टसाठी गुंडाळलेली मोटर आपल्या घरच्या २३० व्होल्टवर पहिल्याच वाटणाला जळू शकते.