लालबागच्या चाळींची मागची बाजू

(दृश्य: लालबागचा मसाला बाजार, सकाळ)

मार्च उजाडला की मिरची कुटून न्यायला लालबागला सगळ्या मुंबईतून माणसं येतात. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी. डंकांचा दणका, नाकाला रुमाल, हातात वर्षभराच्या मसाल्याची यादी. भाद्रपदात तर विचारूच नका, दहा दिवस पाय ठेवायला जागा नसते. एवढी वर्दळ असते, पण चाळीच्या मागच्या अंगाला कुणी फिरकत नाही. चला, आज तिकडून जाऊ.

(दृश्य: दोन चाळींमधली अरुंद वाट. कॅमेरा आत शिरतो.)

ही घरगल्ली. चाळकरी हाऊसगल्ली म्हणतात. हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील. सांडपाण्याचे बिडाचे पाइप इथेच खाली उतरतात. चाळींत टोपलीचे संडास होते, तेव्हा सफाई कामगार याच वाटेने मैला डोक्यावर वाहून नेत. टोपल्या गेल्या, पण वरच्या खिडकीतून भिरकावलेली पिशवी आजही त्यांनाच उचलावी लागते. कधी ती त्यांच्या अंगावरच पडते. डायपर, दुधाच्या पिशव्या, फुटक्या कुंड्या... गटाराचं तोंड बुजतं, पाणी इमारतीच्या पायात मुरतं, उंदीर माजतात आणि पावसाळ्यात लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या मूत्रातून पसरणारा ताप येतो.

आता वर बघा. दुसऱ्या मजल्यावर पाइपाचा सांधा सुटलाय, तिथे पिंपळ उगवलाय. पक्ष्याच्या विष्ठेतून बी पडलं, गळतीची ओल मिळाली, रुजलं. रोप करंगळीएवढं असतं तेव्हा हाताने उपटून निघतं. काही पावसाळे गेले की मूळ विटांच्या सांध्यात शिरतं आणि भिंत फाकते. त्या फटीतलं पाणी लाकडी तुळईच्या टोकापर्यंत पोचतं. तुळई भिंतीत जिथे बसलेली असते, नेमकी तिथेच ती कुजते. आतून रंग दिलेला असतो, त्यामुळे घरातल्या माणसाला पत्ताच लागत नाही. नुसत्या फांद्या छाटल्या तर पुढच्या वर्षी झाड दुप्पट जोमाने येतं. मूळ काढून, सांधा बदलून, भेग बुजवावी लागते.

हे आधीच का होत नाही? कारणं जुनी आहेत. 1947च्या भाडे कायद्याने भाडी 1940च्या पातळीवर गोठवली. त्याने गरिबाचं छप्पर वाचलं, हे विसरता येणार नाही. पण त्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही म्हणून घरमालकाने चाळीकडे पाठ फिरवली. मग 18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, आणि बहुतेकांचा पगार पुन्हा कधी सुरूच झाला नाही. कितीतरी घरं डोंबिवली, विरार, बदलापूरला गेली. खोलीला कुलूप लागलं.

आणि आता एक वाक्य प्रत्येक चाळीत ऐकू येतं: ‘पुनर्विकास होणारच आहे, आता कशाला खर्च करायचा?’

या वाक्याने चाळींचं फार नुकसान केलंय. वरळीच्या बीडीडी चाळींचंच घ्या. सरकारी प्रकल्प, भूमिपूजन एप्रिल 2017मध्ये झालं, आणि पहिल्या 556 घरांच्या चाव्या मिळाल्या ऑगस्ट 2025मध्ये. एकशे साठ चौरस फुटांतून पाचशे चौरस फुटांत जाणाऱ्या त्या कुटुंबांचा आनंद खराच. पण खासगी मालकीच्या, भांडणात अडकलेल्या चाळीला किती वर्षं लागतील? तोवर माणसं राहणार आहेत ती याच भिंतींच्या आत. 31 ऑगस्ट 2017ला भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळली आणि 33 जण गेले. त्या भागाचाही पुनर्विकास तेव्हा सुरूच होता.

म्हणून नव्या इमारतीची वाट पाहताना जुनीला वाऱ्यावर सोडू नका. तुम्ही इथे वाढलात आणि आता लांब राहता, तर कुलूप लावलेल्या खोलीचा मागचा पाइप वर्षातून एकदा येऊन बघा. तुमची गळती खालच्या बिऱ्हाडाच्या तुळईत उतरते. कामासाठी रोज परळला उतरत असाल, तर तुंबलेली घरगल्ली दिसल्यावर महापालिकेच्या 1916 या फोन क्रमांकावर तक्रार नोंदवा, तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा, आठवड्याने पुन्हा विचारा. परळ-लालबागचा पालिका विभाग एफ दक्षिण, त्याचं कार्यालय परळलाच आहे.

आणि मंडळांनो, तुमच्याकडे माणसं आहेत, वर्गणीची वही आहे, प्रत्येक दाराशी ओळख आहे. एप्रिलच्या बैठकीत मूर्तीच्या आधी घरगल्लीचा विषय घ्या. कुठल्या पाइपाचा सांधा गेलाय, कुठे पिंपळ आलाय, मजल्यावार यादी करा. पावसाळ्याआधी प्लंबर आणि गवंडी लावा. उंचावरचं काम पोरांनी दोरीला लटकून करू नये, परांची बांधूनच करून घ्यावं. मागच्या खिडक्यांना जाळ्या बसवा. सफाई कामगार गल्लीत कोणत्या दिवशी, किती वाजता उतरतात, हे त्यांनाच विचारून जिन्यापाशी फळ्यावर लिहा, आणि त्या वेळेत वरून काही पडणार नाही याची जबाबदारी मजल्यावरच्या एकेकाने घ्या.