लेश्नो रस्ता, घर क्रमांक ४०

वॉर्सा, १९४३. ट्राममध्ये एक बाई मान मागे टाकून स्वतःशीच बोलते आहे. आधी वाटतं, प्यायलेली असावी, नाहीतर वेडी. मग कळतं, तिच्या मुलाला गोळी घातल्याची बातमी तिला नुकतीच मिळाली आहे. त्याच ट्राममधली दुसरी एक बाई तिच्याकडे बघत राहते. आपल्यालाही असं रडता आलं असतं तर, असं तिला वाटतं. पण ती ज्यू आहे. खोट्या कागदांवर पोलिश बाई म्हणून शहरात लपून राहते आहे. तिचे अश्रू तिचाच घात करतील.

तिचं नाव राहेल आउअरबाख. त्याच वर्षी, रात्री चोरून, ती आपल्या माणसांसाठीचा शोक कागदावर उतरवते. त्याला नाव देते ‘यिझ्कोर’. गेलेल्यांच्या स्मरणासाठी ज्यू जी प्रार्थना म्हणतात, तिचं हे नाव.

राहेल मूळची आजच्या युक्रेनमधल्या लानोव्त्सी या खेड्यातली. ल्वूव शहरात ती तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्र शिकली. यिद्दिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोली, आणि पोलिश, दोन्ही भाषांत लिहू लागली. १९३३ मध्ये ती वॉर्साला आली आणि तिथल्या यिद्दिश लेखकांच्या गोतावळ्यात रमली.

सप्टेंबर १९३९. जर्मन सैन्य आलं. जो तो पळत होता, राहेलही निघायच्या तयारीत होती. तेव्हा इतिहासकार इमान्युएल रिंगेलब्लूम यांनी तिला बोलावून घेतलं. सगळ्यांनीच पळून कसं चालेल, असं म्हणून त्यांनी तिच्याकडे एक काम सोपवलं. लेश्नो रस्त्यावरच्या ४० क्रमांकाच्या घरात भुकेल्यांसाठी अन्नछत्र चालवायचं. लेखणी धरणाऱ्या हातात पळी आली.

जर्मनांनी शहरातल्या ज्यूंना एका वस्तीत कोंडलं, आणि नोव्हेंबर १९४० मध्ये तिच्याभोवतीची भिंत बंद झाली. साडेतीन चौरस किलोमीटरच्या आत चार लाखांहून जास्त माणसं. सरकारी शिध्यावर कुणी जगूच शकत नव्हतं. राहेलच्या दारात रोज रांग लागायची, आणि रांगेतल्या माणसांचे चेहरे तिला पाठ झाले होते. कुणाचे पाय सुजू लागलेत, कोण काल आलं नाही, हे तिच्या लगेच लक्षात यायचं. कधीकाळी चांगला धडधाकट असलेला एक निर्वासित तिच्याकडे जेवायला यायचा. याला तरी वाचवायचंच, असं तिने मनाशी धरलं. त्याला ती जास्तीचं सूप देत राहिली. तरीही तो भुकेनं गेलाच. पाणचट सूप माणसाला जगवत नाही, त्याचं मरण फक्त लांबवतं, हे तिने स्वतःपासून लपवलं नाही. लिहून ठेवलं. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चूल पेटवली.

मला राहेल सगळ्यात जास्त भिडते ती इथे.

रिंगेलब्लूम यांनी वस्तीत एक गुप्त दफ्तर उभं केलं होतं. बैठका शनिवारी होत, म्हणून त्याचं सांकेतिक नाव ‘ओयनेग शाब्बेस’, म्हणजे शब्बाथचा, ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचा, आनंद. डायऱ्या, पत्रं, शाळकरी मुलांचे निबंध, शिध्याच्या चिठ्ठ्या, सगळं जमवायचं. मारणाऱ्यांनी लिहिलेला इतिहास तेवढाच मागे उरू नये, यासाठी ही धडपड. राहेलने या दफ्तरासाठी आपल्या अन्नछत्राची हकिगत लिहिली.

मग १९४२ चा उन्हाळा आला. दोन महिन्यांत अडीच लाखांहून जास्त माणसं गाड्यांत कोंबून त्रेब्लिंका या मृत्युछावणीत नेली. तिथे १८ दिवस काढून पळालेला अब्राहम क्षेपित्स्की वस्तीत परतला. राहेल त्याच्यासमोर बसली आणि आठवड्यामागून आठवडे त्याचं बोलणं उतरवून घेत राहिली. गाडीचा डबा, तहान, खड्डे, सगळं. तो पुढे, १९४३ मध्ये, जर्मनांविरुद्ध वस्तीत झालेल्या उठावात मारला गेला.

मार्च १९४३ मध्ये राहेल भिंतीपलीकडे निसटली. तिथे लिहिलेली हस्तलिखितं वॉर्सा प्राणिसंग्रहालयाचे संचालक यान झाबिन्स्की यांनी प्राणिसंग्रहालयाच्या आवारात पुरून जपली.

युद्ध संपलं तेव्हा दफ्तराच्या साठ-एक माणसांपैकी तिघंच उरली होती. हेर्श वासेर, त्यांची पत्नी ब्लूमा आणि राहेल. उद्ध्वस्त वस्तीच्या ढिगाऱ्याखाली आपण पुरून ठेवलेलं दफ्तर आहे, ते काढा, असं ती सांगत राहिली. जागा वासेर यांना ठाऊक होती. सप्टेंबर १९४६ मध्ये नोवोलिप्की रस्त्यावर दहा पत्र्याच्या पेट्या निघाल्या. आत पाणी शिरलं होतं, पानं एकमेकांना चिकटली होती. डिसेंबर १९५० मध्ये दुधाचे दोन मोठे कॅन सापडले. त्यात क्षेपित्स्कीची जबानी होती, राहेलने उतरवलेली.

त्याच वर्षी राहेल इस्राएलला स्थायिक झाली. १९५४ पासून तेल अवीवमध्ये याद वाशेम या स्मारक संस्थेचा जबान्या नोंदवणारा विभाग तिने उभा केला. वाचलेल्या माणसानं आपल्या भाषेत, आपल्या गतीनं, सगळं आयुष्य सांगावं, हा तिचा आग्रह. १९६१ मध्ये ज्यूंच्या कत्तलीची यंत्रणा चालवणारा नाझी अधिकारी आइखमान याच्यावर खटला चालला तेव्हा साक्षीदार मिळवण्यात या विभागाचा मोठा वाटा होता. राहेल स्वतःही साक्षीला उभी राहिली.

१९७६ मध्ये ती गेली. त्याच्या दोन वर्षं आधी तिचं एक यिद्दिश पुस्तक आलं होतं, वॉर्साच्या आठवणींचं. त्यात लेश्नो ४० चं दार पुन्हा उघडतं. आत मोठ्या पातेल्यांवर वाफ आहे, बाहेर रांग लागली आहे, आणि दाराशी उभी राहेल एकेकाचा चेहरा न्याहाळते आहे.