कोलकात्याची डर्बी, वास्कोचं मैदान

(दृश्य: सकाळचं मैदान. खुंटी, पोलादी टेप, रेषा मारायचं यंत्र.)

फुटबॉलच्या मैदानाच्या कोपऱ्यात खुंटी ठोकायची. तिथून एका रेषेवर 3 मीटर, दुसरीवर 4 मीटर मोजायचे. दोन्ही खुणांमधलं तिरकं अंतर 5 मीटर भरलं, की कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात आला. इथे अर्धा इंच चुकला तर 105 मीटरवरच्या दुसऱ्या टोकाला तो फूटभर होतो.

मधल्या वर्तुळाची त्रिज्या 9.15 मीटर. ते नायलॉनच्या दोरीने काढत नाहीत, कारण दोरी ताणते आणि वर्तुळ लंबगोल होतं. रेषेची रुंदी जास्तीत जास्त 12 सेंटिमीटर, गोलखांबाच्या जाडीइतकीच. सगळ्या रेषा एकापुढे एक मांडल्या तर 700 मीटरच्या वर जातात. पूर्वी चुन्याची फक्की टाकत. ओला चुना गवत जाळतो, पडलेल्या खेळाडूच्या डोळ्यांत गेला तर इजा करतो. म्हणून आता पाण्यात कालवलेला पांढरा रंग.

(दृश्य: मुरगाव बंदरातल्या क्रेन, मग टिळक मैदानाचे रिकामे स्टँड.)

27 नोव्हेंबर 2020. वास्कोच्या टिळक मैदानावर कोलकात्याचे दोन फुटबॉल क्लब, मोहन बागान आणि ईस्ट बंगाल, आमनेसामने आले. इंडियन सुपर लीगमधली ही त्यांची पहिली डर्बी, म्हणजे एकाच शहरातल्या दोन क्लबांची लढत, आणि ती कोलकात्यापासून देशाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, प्रेक्षकांविना. करोनामुळे तो सगळा हंगामच गोव्यात खेळवला गेला होता.

(दृश्य: कृष्णधवल छायाचित्रं. हिरवा-किरमिजी आणि लाल-सोनेरी झेंडे.)

मोहन बागानची स्थापना 1889 ची. 1911 मध्ये बहुतेक अनवाणी खेळणाऱ्या या संघाने आयएफए शील्ड या कोलकात्यातल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 ने हरवलं. ब्रिटिश लष्करी संघाला हरवून शील्ड जिंकणारा तो पहिला भारतीय संघ.

ईस्ट बंगालचा जन्म एका वगळलेल्या खेळाडूतून झाला. जुलै 1920 मध्ये कूचबिहार चषकात मोहन बागानविरुद्ध खेळताना जोडाबागान संघाने शैलेश बोस यांना बाहेर बसवलं. ते पूर्व बंगालचे, म्हणून वगळले, असं संघाचे पदाधिकारी सुरेशचंद्र चौधुरी यांना वाटलं. त्यांनी जोडाबागान सोडलं, आणि 1 ऑगस्ट 1920 ला नवा क्लब उभा राहिला. नावातच पूर्व बंगाल. 1925 मध्ये कोलकाता लीगमध्ये दोघांची पहिली गाठ पडली आणि नेपाल चक्रवर्तींच्या गोलवर ईस्ट बंगाल 1-0 ने जिंकला.

मग फाळणी झाली. घरदार सोडून आलेल्या माणसांनी कोलकात्यात वस्त्या उभारल्या, आणि त्या वस्त्यांचा क्लब ठरलेलाच होता. पश्चिमेचे ते घोटी, पूर्वेचे ते बांगाल. घोटींचा मोहन बागान, बांगालांचा ईस्ट बंगाल.

(दृश्य: वास्कोचा मासळी बाजार. पाट्यांत कोळंबी.)

कोकणी माणसाला हे भांडण पटकन कळतं, कारण ते ताटापर्यंत आलंय. ईस्ट बंगाल जिंकला की घरी हिलसा, ज्याला आपल्याकडे पाला म्हणतात. मोहन बागान जिंकला की मोठी कोळंबी. सामन्याचा निकाल लागला की त्या माशाची मागणी चढते. बाजारात सुंगटं निवडणाऱ्या बायकांना हे सांगायची गरजच पडत नाही.

1975 च्या शील्ड अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानला 5-0 ने हरवलं. 16 ऑगस्ट 1980 ला ईडन गार्डन्सवर डर्बीच्या वेळी चेंगराचेंगरीत 16 प्रेक्षक गेले. 13 जुलै 1997 ला फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्याला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर 1,31,781 माणसं आली. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांची डायमंड रचना, म्हणजे मधल्या फळीत चौकटच्या आकारात खेळाडूंची गर्दी, तेव्हा गाजत होती. बायचुंग भुतियाने तीन गोल केले, ईस्ट बंगाल 4-1 ने जिंकला, आणि मधल्या फळीतली ती गर्दी उघडी पडली.

(दृश्य: फवारे सुरू. जवळून गवत.)

आता हे गवत बघा. त्या हंगामात 115 सामने फक्त तीन मैदानांवर झाले: फातोर्डा, बांबोळी आणि टिळक मैदान. म्हणजे एका मैदानावर सरासरी 38. एरवी तेव्हा घरच्या मैदानावर लीगचे 10 सामने झाले असते.

किनाऱ्यावरच्या मैदानांवर बर्म्युडा लावतात. आपल्या हरळीचंच ते भावंड, गणपतीला वाहतो त्या दूर्वांच्या कुळातलं. खारं वारं सोसतं, तुटलं तर आडव्या काड्यांतून पुन्हा फुटतं. पण त्याला ऊन लागतं. स्टँडच्या सावलीत ते विरळ होतं आणि तिथे लव्हाळा शिरतो. लव्हाळा वरून उपटून जात नाही, कारण त्याची गाठ जमिनीत राहते.

खाली जांभ्याची माती. पावसाळ्यात ती पाणी धरते, उन्हाळ्यात दगड होते. म्हणून वर वाळूचा थर, साधारण 30 सेंटिमीटर, त्याखाली खडी आणि निचऱ्याचे पाइप. समुद्राची वाळू इथे चालत नाही: मीठ मुळं मारतं, शिंपल्यांचा चुरा मातीचा आम्लपणा घालवतो. रोलर जास्त फिरवला की वाळू दबते आणि पाणी वरच उभं राहतं. ही चूक सगळ्यात जास्त होते, कारण सपाट मैदान दिसायला छान दिसतं.

105 बाय 68 मीटरवर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे 7,140 लिटर. 5 मिलिमीटरचं एक पाणी द्यायचं तर 10,000 लिटरचे साडेतीन टँकर लागतात. ते पहाटे द्यायचं. रात्री दिलं तर दमट हवेत पातं ओलं राहतं, बुरशी धरते, तांबूस गोल डाग उमटतात.

(दृश्य: 27 नोव्हेंबर 2020 चा सामना.)

ईस्ट बंगालचा हा लीगमधला पहिलाच सामना होता. नवा गुंतवणूकदार सप्टेंबरमध्ये ठरला आणि संघ काही आठवड्यांत बांधावा लागला. मोहन बागानकडे आदल्या हंगामातला विजेता एटीके संघ विलीनीकरणामुळे जवळजवळ तयारच आला होता. हा फरक पहिल्या अर्ध्या वेळात दिसला नाही. 49 व्या मिनिटाला रॉय कृष्णाने गोल केला. 85 व्या मिनिटाला मनवीर सिंग उजवीकडून धावत आला, आत वळला आणि डाव्या पायाने मारला. 2-0.

(दृश्य: 27 नोव्हेंबर 2021. तेच मैदान.)

बरोबर वर्षाने पुन्हा टिळक मैदान. 12 व्या मिनिटाला कृष्णा, 14 व्या मिनिटाला मनवीर, आणि 23 व्या मिनिटाला लिस्टन कोलासो. ईस्ट बंगालचा गोलरक्षक अरिंदम भट्टाचार्य पुढे आला, चेंडू हातून सुटला, लिस्टनसमोर रिकामं जाळं होतं.

हा लिस्टन गोव्याचा, साळगावकरमधून वर आलेला. साळगावकर हा याच वास्कोचा क्लब, 1956 चा. 1951 चा वास्को स्पोर्ट्स क्लबही याच गावचा. म्हणजे एका शहरातले दोन क्लब वास्कोलाही आहेत. साळगावकरने 1999 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली, 2011 मध्ये तिच्या जागी आलेली आय-लीग. 2016 मध्ये साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीगमधून माघार घेतली. ज्या रचनेत आपल्याला वरची पायरीच, म्हणजे सुपर लीगमध्ये बढतीच नाही, तिथे खेळायचं कशाला, हा त्यांचा मुद्दा होता, आणि तो रास्त होता.

त्यानंतर 29 जानेवारी 2022 ला फातोर्ड्यात कियान नासिरी बदली म्हणून आला आणि त्याने तीन गोल केले, तेही ज्या क्लबसाठी त्याचे वडील जमशेद खेळले त्या ईस्ट बंगालविरुद्ध. पुढच्या हंगामात, 29 ऑक्टोबर 2022 ला, डर्बी सॉल्ट लेकला परत गेली.

(दृश्य: सामना संपल्यावर. गोलसमोरची जमीन, हातात काटा.)

सामन्यानंतरचं काम लगेच सुरू होतं. उखडलेलं ढेकूळ फेकायचं नाही. काटा तिरका घालून कडा आत दाबायच्या, वर वाळू टाकायची, पायाने चेपायचं. गोलसमोरचा पट्टा उघडा पडला तर रोपवाटिकेतून गवताचे चौकोन कापून आणतात आणि सांधे वाळूने भरतात. मुळं धरायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर तिथे दोरी बांधलेली असते, आणि सराव दुसऱ्या टोकाला चालतो.